रीलमध्ये दिसणारा थराथरांचा कागदी देखावा घरच्या कटिंग मशीनवर नेमका कसा तयार होतो? मशीन घ्यायच्या आधी हे वाचा

आषाढी जवळ आली की हडपसरकरांना कॅलेंडर बघावं लागत नाही. पुण्यातला मुक्काम आटोपून ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या हडपसरला येतात, विसावा घेतात आणि इथूनच त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते, तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे.

याच दिवसांत इन्स्टाग्रामवर एक रील हमखास समोर येतं. पांढऱ्या कागदाचे पाच-सहा थर एकामागे एक लावलेले. मागे घाट, मध्ये दिंडी, पुढे डोक्यावर तुळस घेतलेली बाई. पाठीमागचा दिवा लागतो आणि अख्खी वारी उजळून निघते. खाली कमेंट ठरलेली असते, "मशीन कोणतं आहे?"

प्रश्न बरोबर आहे, पण तो पहिला प्रश्न नाही. मशीन फक्त कापतं. चित्र उभं राहणार की गळून पडणार, हे कापायच्या आधीच ठरलेलं असतं. हे माहीत नसल्यामुळे अनेक घरांत हौसेनं आणलेलं मशीन दुसऱ्या महिन्यात कपाटावर जातं. म्हणूनच या कामाची पहिल्यापासून शेवटपर्यंतची माहिती एकाच ठिकाणी.

थरांची कागदकला म्हणजे काय?

एकाच चित्राचे अंतराप्रमाणे तुकडे करायचे. सगळ्यात लांबचं एका कागदावर, त्याच्या पुढचं दुसऱ्यावर, डोळ्याजवळचं शेवटच्या कागदावर. प्रत्येक कागद आकाराप्रमाणे कापायचा आणि मध्ये थोडी मोकळी जागा सोडून ते एकामागे एक लावायचे. सपाट कागदाला खोली येते ती या मोकळ्या जागेमुळे.

कल्पना आपल्याला नवी नाही. मथुरा-वृंदावनची सांझी कला कागद कापून केलेल्या साच्यांवरच उभी आहे. एकावर एक साचे ठेवून त्यातून रंग भरले जातात. आपल्याकडे पतंगी कागदाची घडी घालून कात्रीनं काढलेली आकाशकंदिलाची जाळी हा त्याच जातीचा प्रकार. मूळच्या भारतीय असलेल्या दीप्ती नायर आणि हरिकृष्णन पणिक्कर या जोडप्यानं 'हरी अँड दीप्ती' या नावानं कागदाचे थर आणि मागचा प्रकाश यांतून केलेल्या पेट्या जगभर गाजल्या. ते काम हातानं कापलेलं आहे. म्हणजे ही कला मशीनशिवायही होते. मशीन वेळ वाचवतं आणि तोच आकार पुन्हा पुन्हा हुबेहूब काढून देतं.

महाराष्ट्रात कागदाकडे वळायला आणखी एक कारण मिळालं. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं राज्यात प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली आणि गणपतीच्या थर्माकोलच्या मखरांचा प्रश्न उभा राहिला. नानासाहेब शेंडकर आणि त्यांची 'उत्सवी' ही संस्था पुठ्ठ्याच्या घडीच्या मखरांसाठी आधीपासूनच ओळखली जात होती. बंदीनंतर कागद-पुठ्ठ्याची सजावट घरोघरी शोधली जाऊ लागली.

मशीन आत काय करतं?

हे मशीन तुम्ही पाहिलेलं आहे, फक्त दुसऱ्या नावानं. गाडीच्या मागच्या काचेवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहून देणाऱ्या रेडियमच्या दुकानात जे कटिंग प्लॉटर असतं, त्याचंच हे घरगुती भावंड.

आत एक छोटं टोकदार पातं असतं. ते डावीकडे-उजवीकडे सरकतं आणि कागद पुढे-मागे सरकतो. या दोन हालचालींतून कुठलीही वळणदार रेघ निघते. पातं आपल्याच दांड्याभोवती मोकळं फिरतं, त्यामुळे रेघ वळली की तेही वळतं.

रेडियमच्या दुकानापेक्षा फरक एकच. रेडियमला पाठीमागे कागदी अस्तर असतं. पातं फक्त वरचा थर कापतं, अस्तर शाबूत राहतं. साध्या कागदाला अस्तर नसतं आणि तो तर आरपार कापायचा असतो. म्हणून तो चिकट मॅटवर चिकटवून आत सरकवतात. घरच्या मशीनची नेहमीची मॅट १२ इंच रुंद असते. आपला ए-फोर कागद त्यावर आरामात बसतो. ए-थ्रीची रुंदी २९.७ सेंटीमीटर, म्हणजे तीही बसते, पण लांबी ४२ सेंटीमीटर असल्यामुळे १२ बाय २४ इंचांची लांब मॅट लागते.

नावं तीन ऐकू येतील. अमेरिकेतल्या युटा राज्यातली क्रिकट, सिल्हूएट आणि ब्रदरचं स्कॅन-एन-कट. (क्रिकटचा उच्चार आपल्या क्रिकेटसारखाच करतात, त्यामुळे शोधताना स्कोअरकार्ड समोर आलं तर दचकू नका.) सिल्हूएटचं मोफत सॉफ्टवेअर एसव्हीजी फाईल उघडत नाही, त्यासाठी वरची पैसे भरून मिळणारी आवृत्ती लागते. क्रिकटच्या 'डिझाइन स्पेस'मध्ये एसव्हीजी मोफत चढवता येते, पण तिथे खातं उघडावं लागतं आणि मशीन कंपनीच्या त्याच अॅपवरून चालवावं लागतं.

एसव्हीजी म्हणजे काय, आणि फोटो का चालत नाही?

फोटो हा ठिपक्यांचा असतो. पात्याला ठिपके कळत नाहीत, त्याला रेघ लागते. कुठून सुरू करायचं, किती वळायचं, कुठे थांबायचं, हे सांगणारी फाईल म्हणजे व्हेक्टर फाईल. एसव्हीजी हा तिचा सगळ्यात प्रचलित प्रकार. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं तो २००१ मध्ये अधिकृत केला.

फोटोपासून रेघा काढून देणारी 'ट्रेस' नावाची सोय इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण आपोआप काढलेल्या रेघेत हजारो बारीक बिंदू येतात. पातं प्रत्येक बिंदूवर अडखळतं आणि कागद फाटतो. म्हणून ट्रेस केल्यावर रेघ 'सिम्प्लिफाय' करून बिंदू कमी करायचे. एआयकडून काढून घेतलेल्या चित्राचंही तेच. दिसायला थरांचं असलं तरी ते एकच सपाट चित्र असतं. थर आपल्यालाच वेगळे करावे लागतात.

वारीचं चित्र थरांत कसं मोडायचं?

उदाहरण म्हणून ए-फोर आकाराची वारीची चौकट घेऊ. मागून पुढे सहा थर असे:

१. कोरा कागद, म्हणजे आकाश. हा कापायचाच नाही.
२. लांबच्या डोंगरांची रेघ.
३. दिवे घाट आणि त्याचा वळणाचा रस्ता.
४. पालखीचा रथ आणि बैलजोडी.
५. पताका घेतलेले वारकरी.
६. पुढची झाडं आणि तुळस घेतलेली बाई, सोबत बाहेरची चौकट.

इथे तीन नियम पाळले की निम्मं काम झालं.

पहिला, प्रत्येक थराला बाहेरून सारख्याच मापाची चौकट ठेवा. मग कोपऱ्याला कोपरा जुळवला की चित्र आपोआप जुळतं. चौकट नसेल तर दोन मिलिमीटरचा फरक पडून वारकरी डोंगरात चालताना दिसतो.

दुसरा, मागचा थर पुढच्या थराच्या कडेपाशी संपवू नका. तो निदान एक सेंटीमीटर खाली उतरू द्या. बाजूनं पाहणाऱ्याला फट दिसत नाही.

तिसरा, रंगांची गरज नाही. मागून दिवा लावणार असाल तर सगळे थर पांढरे ठेवा. आकाशाच्या जागी एकच कागद असतो, तिथून भरपूर उजेड येतो. खाली जिथे पाच-सहा कागद एकमेकांमागे येतात तिथे आपोआप अंधारतं. सावली आपण काढत नाही, थरच ती तयार करतात.

'पंढरी'वरचं टिंब कुठे जातं?

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त कागद इथे वाया जातो. कापलेल्या कागदाचा साधा कायदा आहे. जो तुकडा बाकीच्या कागदाला कुठेच जोडलेला नाही, तो खाली पडतो.

वारकऱ्याच्या हातातली पताका घ्या. काठी वारकऱ्याला जोडलेली, पताका काठीला जोडलेली, म्हणून ती टिकते. आकाशात उडणारा सुटा पक्षी टिकत नाही. त्याला पंखाच्या टोकानं झाडाला किंवा चौकटीला जोडावं लागतं. या जोडाला 'पूल' म्हणतात. २०० जीएसएमच्या आसपासच्या कागदात पूल निदान दीड-दोन मिलिमीटर रुंद ठेवा. त्याहून बारीक पूल मॅटवरून काढताना तुटतो.

आता अक्षरांकडे या. परदेशी व्हिडिओंत हे सांगितलेलं नसतं, कारण ते त्यांच्या लिपीवर शिकवतात. देवनागरीची एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. शिरोरेखा सगळ्या अक्षरांना धरून ठेवते, त्यामुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. इंग्रजी अक्षरं मात्र एकेक सुटी पडतात.

पण तीन ठिकाणी आपली लिपीही दगा देते.

टिंब: 'पंढरी'वरचा अनुस्वार शिरोरेखेला चिकटलेला नसतो. शब्द कागदातून कापून काढला तर टिंब मॅटवरच राहतं आणि हातात 'पढरी' येते. टिंब थोडं खाली ओढून शिरोरेखेत बुडवायचं.

पोट: उलट पद्धतीनं, म्हणजे कागदात अक्षराच्या आकाराचं भोक पाडायचं असेल, तर टिंबाची अडचण नसते, ते साधं भोक होतं. पण 'विठ्ठल' लिहिताना 'व'च्या पोटातला आणि 'ठ'च्या गोलातला कागद निखळून पडतो. तिथे पूल द्यावे लागतात. रांगोळीचा छाप हातात घेऊन बघा, त्यात असे पूल दिसतील.

वेल्ड: संगणकावर टाइप केलेल्या शब्दात प्रत्येक अक्षराचा आणि काही फॉन्टमध्ये प्रत्येक मात्रेचा आकार वेगळा असतो. ते एकमेकांवर चढलेले असतात. पडद्यावर हे दिसत नाही, पण पातं प्रत्येकाची कड वेगळी कापतं आणि शिरोरेखेचे तुकडे होतात. म्हणून इंकस्केपमध्ये शब्द टाइप करून आधी त्याचा 'पाथ' करायचा, मग 'युनियन' द्यायचं. क्रिकटच्या अॅपमध्ये याच कामाला 'वेल्ड' किंवा 'युनाइट' म्हणतात. शब्द मशीनच्या अॅपमध्ये टाइप करण्यापेक्षा असा तयार आकार चढवणं सुरक्षित. जोडाक्षरं मोडत नाहीत.

कागद कोणता घ्यायचा?

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. तो थरांसाठी लुळा पडतो. मागून दिवा लावणार असाल तर १२० ते १६० जीएसएमचा पांढरा कागद घ्या, त्यातून उजेड झिरपतो. दिव्याशिवाय, रंगीत थर करायचे असतील तर १८० ते २२० जीएसएमचा कार्डशीट घ्या. कडेला पांढरी रेघ दिसू नये म्हणून आतपर्यंत रंगलेला कागद मागा. वरून छापलेला रंग कापल्यावर उघडा पडतो.

हडपसरच्या स्टेशनरीच्या दुकानात जीएसएम लिहिलेला कागद मिळाला नाही तर अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात चक्कर मारा. सजावटीचं बाकी सामान रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं.

पुण्यात हातकागदाची मोठी परंपरा आहे. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० सालची. हा कागद दिसायला सुंदर असतो, पण त्याचे तंतू लांब आणि जाडी कमी-जास्त असते. बारीक जाळी कापताना पातं तंतू ओढतं. म्हणून हातकागद आकाशाच्या कोऱ्या थराला किंवा बाहेरच्या रुंद चौकटीला वापरावा, वारकऱ्यांच्या थराला नाही.

आणि एक हवामानाची गोष्ट. वारी पावसाळ्यात येते. पावसाळ्यात कागद सादळतो आणि सादळलेला कागद कापला न जाता चुरगळतो. गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आडवा ठेवा. लागेल तेवढाच बाहेर काढा.

कापताना काय करायचं?

आधी कागदाच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन आणि एक बारीक वर्तुळ कापून बघा. तुकडा अलगद सुटला तर दाब बरोबर आहे. सुटला नाही तर दाब थोडा वाढवा. मॅटवर खोल चरे पडत असतील तर कमी करा. कागद बदलला की ही चाचणी पुन्हा.

मॅटची चिकटही कागदाप्रमाणे असते. क्रिकटच्या मॅटमध्ये निळी कमी चिकट, हिरवी मध्यम आणि जांभळी जास्त चिकट. पातळ कागदाला निळी घ्या. नवी हिरवी मॅट कागद सोडत नसेल तर एकदा स्वच्छ सुती कापड त्यावर दाबून उचला, चिकट कमी होते.

कापून झाल्यावर कागद मॅटवरून ओढू नका. मॅट उलटी करा, कागद टेबलावर दाबून धरा आणि मॅट मागे वाकवत सोलून काढा. वाकायचं मॅटनं, कागदानं नाही. कागद ओढला तर तो गोल वळतो आणि पुन्हा सपाट होत नाही.

थर जोडायचे कसे?

दोन थरांमध्ये अंतर ठेवायला फोमची दुतर्फी चिकटपट्टी किंवा सनबोर्डच्या पट्ट्या वापरतात. पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा कापूनही चालतो, तो फुकट असतो. पट्ट्या फक्त चौकटीच्या मागे लावायच्या, म्हणजे पुढून दिसत नाहीत.

फ्रेम विकत घेण्याआधी बेरीज करा. सहा थर म्हणजे पाच फटी. प्रत्येक फट ३ मिलिमीटर धरली तर १५ मिलिमीटर. मागे एलईडीची पट्टी लावायची तर आणखी दोन-तीन सेंटीमीटर. म्हणजे फ्रेमला आतून चार-साडेचार सेंटीमीटर खोली हवी. फोटोची नेहमीची फ्रेम इथे उपयोगाची नाही, खोल पेटीसारखी लागते. दिवा म्हणून पाच व्होल्टवर चालणारी यूएसबी एलईडी पट्टी पुरते. तापणारा बल्ब कागदाच्या पेटीत लावू नका, आणि पेटीसमोर समई-निरांजनही लांबच ठेवा.

मग मशीन घ्यावं का?

हौसेसाठी घेत असाल तर तुमचं तुम्ही ठरवा. पण 'घरबसल्या बिझनेस' म्हणून घेत असाल तर एक गणित मांडा. समजा, मशीन, मॅट, पाती आणि सामान मिळून ३५ हजार रुपये गेले. एक चौकट ७०० रुपयांना विकली आणि फ्रेम, कागद, दिवा यांचे ३०० गेले, तर हातात ४०० उरतात. ३५ हजार वसूल व्हायला ८८ चौकटी विकाव्या लागतील. एका चौकटीला कापणं-जोडणं मिळून तीन तास धरले तर २६४ तास. तोवर तुमच्या मेहनतीचा एक रुपयाही निघालेला नसेल. आकडे तुमचे घाला, गणित हेच ठेवा.

पैसे भरण्याआधी आणखी तीन गोष्टी तपासा.

कंपनीचे नियम: मार्च २०२१ मध्ये क्रिकटनं जाहीर केलं होतं की पैसे भरून सदस्य न झालेल्यांना महिन्याला फक्त २० नवी डिझाइन चढवता येतील. लोकांनी सोशल मीडियावर इतका आवाज उठवला की त्याच महिन्यात कंपनीला माघार घ्यावी लागली. मशीन तुमच्या टेबलावर असलं तरी त्याची किल्ली कंपनीच्या अॅपमध्ये आहे, हे त्या वेळी सगळ्यांना कळलं.

जुनं मशीन: कार्ट्रिज घालून चालणारी क्रिकटची अगदी सुरुवातीची मशीन आजच्या 'डिझाइन स्पेस'वर चालत नाहीत. सेकंडहँड घेताना मॉडेलचं नाव आधी तपासा.

डिझाइनचा हक्क: इंटरनेटवरून उतरवलेल्या बऱ्याच फाईलींवर 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' अशी अट असते. घरात लावायला चालेल, विकायला नाही. विकायचं असेल तर व्यावसायिक परवाना असलेली फाईल घ्या किंवा चित्र स्वतः काढा. वारी सगळ्यांची आहे, पण दुसऱ्यानं काढलेलं वारीचं चित्र त्याचं आहे.

मशीनशिवायचे दोन रस्तेही आहेत. लेझर कटिंग करून देणाऱ्यांना एसव्हीजी दिली की ते कागद कापून देतात. कडा थोड्या तपकिरी जळतात, पण वारीच्या चित्राला त्या शोभतात. दुसरा रस्ता म्हणजे कटर आणि कटिंग मॅट. या आठवड्यात डोंगर, दिंडी आणि चौकट असे तीनच थर हातानं कापून बघा. पूल कुठे हवा, टिंब कुठे पडतं, फट किती ठेवायची, हे तीन थरांतच कळतं. ते कापताना मजा आली आणि चौथा थर कापायची इच्छा झाली, तर मशीनचा विचार करा. पहिल्याच डोंगराला कंटाळा आला, तर तुमचे ३५ हजार वाचले.